चांदीचा करंडा

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये जस्टीन मॉरिट्झ नावाची एक मुलगी आहे. जिनिव्हातल्या फ्रँकेन्स्टाइनांच्या घरी ती बारा वर्षांची असताना कामाला आली आणि तिथलीच झाली. कादंबरी वाचलेल्यांनाही ती चटकन आठवत नाही. १९३१ च्या गाजलेल्या चित्रपटात तर तिला जागाच नाही. पण मी हे पुस्तक जेव्हा जेव्हा हातात घेते, तेव्हा तिच्या खटल्यापाशी अडते. पुढचं उत्तर ध्रुवाकडचं बर्फ, तो पाठलाग, लग्नाच्या रात्री झालेला खून, सगळं वाचते, पण मन मागेच राहिलेलं असतं, त्या कोर्टात.

भयकथांचं वेड मला शाळेपासूनचं. वाईत आमच्या वाड्यापासून वाचनालय दहा मिनिटांवर होतं आणि तिथलं भुताखेतांचं कपाट मी सातवीपर्यंत संपवलं होतं. नंतर कॉलेजात इंग्रजी गॉथिक कादंबऱ्या हाती आल्या. पडके किल्ले, बंद खोल्या, वरच्या मजल्यावरची पावलं. या सगळ्यात एक प्रश्न मला कायम चिकटलेला आहे. माणूस राक्षस होतो तो नेमका कोणत्या क्षणी?

'राक्षस' या आपल्या शब्दाची एक गोष्ट रामायणाच्या उत्तरकांडात येते. प्रजापतीने आधी पाणी निर्माण केलं आणि त्या पाण्याच्या राखणीला प्राणी निर्माण केले. भुकेने-तहानेने व्याकूळ झालेले ते प्राणी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही काय करू? तो म्हणाला, राखण करा. काही जण 'रक्षाम:' म्हणाले, ते राक्षस झाले. काही 'यक्षाम:' म्हणाले, ते यक्ष. म्हणजे राक्षस या शब्दाच्या पोटात रक्षण आहे. पण मला त्या गोष्टीतलं दुसरंच काही भावतं. निर्माण केलेले जीव निर्मात्यापुढे जातात, तो त्यांच्याशी बोलतो, त्यांना काम देतो आणि त्यांना नाव मिळतं.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने यातलं काहीच केलं नाही. इंगोलश्टाटमध्ये शिकणारा हा हुशार मुलगा जवळजवळ दोन वर्षं राबतो आणि आठ फुटी देह तयार करतो. अवयव निवडताना ते सुंदर असावेत याकडेही त्याचं लक्ष असतं. काळेभोर चमकदार केस, मोत्यासारखे दात. नोव्हेंबरातल्या एका पावसाळी रात्री तो देह डोळा उघडतो, पिवळट आणि निस्तेज, आणि व्हिक्टर खोलीतून पळून जातो. बिछान्यावर पडतो, दचकून उठतो, तर चंद्राच्या उजेडात तो जीव पलंगाचा पडदा वर धरून उभा आहे. त्याच्या तोंडून काहीतरी अस्फुट आवाज येतात, गालांवर हसल्यासारख्या सुरकुत्या पडतात आणि एक हात पुढे येतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, जिना उतरून खाली अंगणात, आणि रात्रभर तिथेच येरझारा घालतो.

मी हे पान आई झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा मला रडू आलं होतं. पहिल्यांदा वाचताना तो पुढे आलेला हात गळा धरायला आला आहे असं मला वाटलं होतं, कारण व्हिक्टरला तसं वाटतं आणि सांगणारा तोच आहे. पण डोळे उघडून काही तासच झालेला जीव रात्री कोणाच्या पलंगाशी जातो? आमची मुलगी जायची तसाच तो गेला होता. त्याने अजून कोणाला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं आणि तेवढ्यात त्याचे 'राक्षस', 'सैतान', 'पिशाच' हे सगळे शब्द ठरून गेले. नाव द्यायचं तेवढं राहिलं. आज लोक त्यालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, म्हणजे ज्या बापाने टाकलं त्याचंच आडनाव त्याला चिकटवतात. मला ते ऐकवत नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हाचं सरोवर, कवी बायरनने भाड्याने घेतलेला बंगला, भुताच्या गोष्टी लिहायची पैज, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, म्हणून ही मंडळी घरात कोंडलेली होती. मला त्याच्या आधीचं महत्त्वाचं वाटतं. मेरीची आई, स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट, लेकीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी बाळंतज्वराने गेली. ३० ऑगस्ट १७९७ ला मुलगी झाली आणि १० सप्टेंबरला आई नाही. पुढे १८१५ मध्ये मेरीची स्वतःची पहिली मुलगी, दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, काही दिवसांत गेली. त्या मार्चमध्ये तिने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं आहे. बाळ फक्त गारठलं होतं, आपण त्याला शेकोटीपुढे चोळलं आणि ते जिवंत झालं. जाग आली तेव्हा बाळ नव्हतं.

मेलेल्याला ऊब देऊन उठवायची कल्पना तिने प्रयोगशाळेतून आणली असं लोक म्हणतात. मला वाटतं ती या शेकोटीपासून आली.

आमच्याकडे बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते, असं आजी सांगायची. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. लहानपणी मी दोघांनाही घाबरायचे. आता त्या यादीकडे बघितलं की वाटतं, ही तर अर्ध्यावर राहिलेल्यांची यादी आहे. ज्यांचं देणं राहिलं तीच आमची भुतं. आजी पिंपळाखालून जाताना मुंजाला हात जोडायची. भीती होतीच, पण त्या हात जोडण्यात थोडं 'चुकलंच आमचं' असंही होतं.

गॉथिक कादंबऱ्यांत हात जोडणारं कोणी नसतं. तिथे तोंड बघितलं की निकाल लागतो. १८८६ च्या जेकिल आणि हाइडच्या गोष्टीत तर एक विलक्षण गोष्ट आहे. हाइड म्हणजे डॉक्टर जेकिलचंच दुसरं, दुष्ट रूप. त्याला पाहिलेला प्रत्येक जण सांगतो की त्याच्यात काहीतरी विद्रूप आहे, पण काय ते एकालाही सांगता येत नाही. नाक नाही, डोळे नाहीत, पाठ नाही, काहीच बोट ठेवून दाखवता येत नाही. १८४७ च्या 'जेन एअर'मध्ये बर्था मेसन तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली आहे. ती हसते, गुरगुरते, चावते, पण अख्ख्या पुस्तकात लेखिका तिच्या तोंडी तिची अशी कहाणी देत नाही. तिची सगळी माहिती आपल्याला मिळते ती तिला कोंडणाऱ्या नवऱ्याकडून.

आणि १८९७ चा ड्रॅक्युला. त्यातली मीना म्हणते, काउंट हा गुन्हेगारांच्या जातीचा आहे, लोम्ब्रोसो त्याला तसाच धरेल. हा लोम्ब्रोसो म्हणजे इटलीतला डॉक्टर. गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो आणि ते त्याच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ओळखता येतं, असं त्याने १८७६ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. कादंबरीतल्या रक्तपिपासूला ही मोजपट्टी लावली तर कोणाचं काही जात नाही. पण त्याच काळात आपल्या देशात इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केलेला होता. या कायद्याने कितीतरी जमातींतली पोरं पाळण्यात असतानाच गुन्हेगार ठरली. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या, कागदावर. एसटी स्टँडवर पारध्याचं पोर जवळ आलं की बायांचे हात पर्सकडे कसे जातात, ते मी पाहिलं आहे. माझाही गेलेला आहे.

मेरी शेलीच्या त्या अनाम जीवाची बाजू इथपर्यंत मी सहज घेऊ शकते. तो रानात राहतो, थंडीने कुडकुडतो, शेकोटीच्या निखाऱ्याची ऊब आवडली म्हणून त्यात हात घालतो आणि भाजून घेतो. मग एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. झोपडीत म्हातारा आंधळा डी लेसी, त्याचा मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. भिंतीच्या फटीतून बघून बघून हा भाषा शिकतो. त्यांची गरिबी कळल्यावर त्यांचं अन्न चोरायचं थांबवतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं तोडून आणतो. एकदा डबक्याच्या पाण्यात स्वतःचं तोंड बघतो आणि मागे सरतो, हा मीच आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. शेवटी धीर करून तो म्हाताऱ्याकडे एकटाच जातो. म्हातारा म्हणतो, मला दिसत नाही, तुझ्या चेहऱ्यावरून मी काही ठरवू शकत नाही, पण तुझं बोलणं मला खरं वाटतं. सबंध पुस्तकात त्याला माणूस समजून बोललेला हा पहिला माणूस. तेवढ्यात फेलिक्स येतो आणि काठीने मारत सुटतो. हा त्याचे तुकडे करू शकला असता, पण करत नाही, निघून जातो. पुढे बुडणाऱ्या मुलीला पाण्यातून काढतो, तर तिच्याबरोबरचा माणूस त्याच्यावर गोळी झाडतो.

मी चांगला होतो, दुःखाने मला सैतान केलं, असं तो म्हणतो. वाचणारे बहुतेक जण इथे थांबतात. समाजाने त्याला राक्षस केला, म्हणतात आणि पुस्तक मिटतात. मलाही बरीच वर्षं तेवढंच पुरत होतं. पण मधे जस्टीन येते.

जिनिव्हाजवळ त्याला एक लहान मुलगा भेटतो. या मुलाचं मन अजून विटलेलं नसेल, याला आपलंसं करावं, असं मनात धरून तो त्याला पकडतो. मुलगा किंचाळतो, राक्षस म्हणतो, माझे बाबा फ्रँकेन्स्टाइन आहेत, ते तुला शिक्षा करतील, म्हणतो. त्या नावासरशी हा त्याचा गळा दाबतो. तो विल्यम, व्हिक्टरचा धाकटा भाऊ. त्याच्या गळ्यात आईचं एक छोटं चित्र असतं, ते हा काढून घेतो. हा खूनसुद्धा संतापात झाला, असं मी एक वेळ म्हणेन. त्यानंतरचं तसं म्हणता येत नाही. हरवलेल्या विल्यमला शोधता शोधता जस्टीनला उशीर होतो, शहराचे दरवाजे बंद होतात आणि ती बाहेरच रात्र काढते. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीत हा तिला नुसती जाताना बघतो आणि नकळत ते चित्र तिच्या कपड्याच्या घडीत सरकवतो. १८३१ च्या आवृत्तीत मेरीने हा प्रसंग बदलला. आता जस्टीन कोठारात पेंढ्यावर झोपलेली आहे. तो तिच्यावर वाकतो, तिला हळूच हाक मारतो. ती कूस बदलते आणि त्याला धडकी भरते, ही उठली, आपल्याला पाहिलं, तर हीसुद्धा किंचाळेल. तिच्यासारख्यांकडून आपल्याला कधीच काही मिळणार नाही, तेव्हा आपल्या हातून झालेलं हिने भोगावं, असं ठरवून तो चित्र तिच्या कपड्यात ठेवतो.

इतके दिवस लोक त्याचं तोंड बघून त्याच्यावर वाटेल ते लादत आले. आज त्याने एका झोपलेल्या बाईचं तोंड बघितलं आणि आपला गुन्हा तिच्यावर लादला. माझ्या लेखी तो राक्षस झाला तो इथे. गळा दाबताना नव्हे, त्या घडीत चित्र सरकवताना.

आणि व्हिक्टर? त्याला सगळं माहीत आहे. विल्यम जिथे मारला गेला तिथे विजेच्या लखलखाटात त्याने त्या आकृतीला पाहिलेलं आहे. कोर्टात तो हजर आहे. आपण बोललो तर लोक वेडा म्हणतील, म्हणून तो गप्प बसतो. एलिझाबेथ, त्याची होणारी बायको, उठून जस्टीनच्या बाजूने बोलते. ही किती प्रेमळ आहे, आमच्या घरात किती जीव लावून राहिली, सगळं सांगते. लोक हेलावतात, पण एलिझाबेथसाठी. जस्टीनवर मात्र जास्तच भडकतात, एवढं करूनही उलटली म्हणून. मतं टाकली जातात, सगळी काळी निघतात. आणि व्हिक्टर आपल्याला सांगतो की आरोपीच्या यातना माझ्याएवढ्या नव्हत्या, तिला निदान निरपराध असल्याचा आधार होता. हे वाक्य वाचून दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पुढे मरताना जहाजावर तो म्हणतो, मी माझं सगळं वागणं तपासून पाहिलं, मला त्यात दोष देण्यासारखं काही सापडत नाही.

जस्टीन कबुली देते, न केलेल्या खुनाची. एलिझाबेथ तुरुंगात भेटायला जाते तेव्हा ती कारण सांगते. कबुलीजबाब घेणारा पाद्री रात्रंदिवस मागे लागला होता, धमकावत होता, शेवटी मलाच वाटायला लागलं की तो म्हणतो तशी राक्षस मीच आहे. तिची सख्खी आईसुद्धा तिला म्हणायची, तुझ्यामुळे तुझी भावंडं मेली. तिला सवय होती.

आता करंड्याचं सांगते.

आमच्या वाड्यात भांडी घासायला एक मावशी यायच्या. त्यांच्या तोंडावर कोड होतं, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती पांढरं, बाकी चेहरा उन्हाने रापलेला. मागच्या मोरीत बसून राखेने भांडी घासायच्या आणि मी परसात खेळत असले की माझ्याकडे बघून हसायच्या. त्या हसल्या की मी आत पळायचे. एकदा त्यांनी ओच्यातून दोन बोरं काढून हात पुढे केला होता. मी ती घेतली नाहीत.

मी दहा वर्षांची होते. मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी आजीचा चांदीचा करंडा गुंजा ठेवायला म्हणून न विचारता घेतला आणि घाटावर गेले. करंडा अगदी छोटा, झाकणावर मोर. पायरीवर ठेवला होता, माझाच पाय लागला आणि तो कृष्णेत गेला. मी पाण्यात बघत बराच वेळ बसले. गुंजांतल्या दोन वर तरंगत होत्या, तेवढंच दिसलं. घरी येऊन मी काहीच बोलले नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजीने फडताळ उघडलं तेव्हा करंडा नाही म्हणून कळलं. माजघरात बाहेरचं कोण येतं, तर मावशी, घासलेली भांडी लावायला. आजी ओरडली नाही. तीन दिवस रोज शांतपणे विचारत राहिली. "नीट आठवून बघ गं. देवाशपथ सांग, मी काही करणार नाही." आई मावशींच्या बाजूने बोलली. आपण यांना दरवर्षी लुगडं देतो, पोर आजारी होतं तेव्हा पैसे दिले, त्या असं नाही करायच्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, एवढं केलं तरी!" मी दाराशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मावशी मोरीतून उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "आसंल आक्का. माज्याच हातनं कुटं ग्येला आसंल. न्हाय ध्यानात ऱ्हायलं." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आजीने पोलिसांत वगैरे काही दिलं नाही आणि त्याबद्दल सगळ्यांनी तिला चांगलं म्हटलं.

त्या पुढे बरीच वर्षं मला मंडईत दिसायच्या. मी रस्ता बदलायचे. लोकांना वाटायचं मी त्यांच्या तोंडाला घाबरते. आजी जाईपर्यंत मी हे तिला सांगितलं नाही, आणि मावशींना सांगायचं धैर्य येईपर्यंत त्या मंडईत दिसेनाशा झाल्या होत्या. कॉलेजात जस्टीनची ती कबुली वाचली तेव्हा माझे हात गार पडले होते. तोवर मी गॉथिक कादंबऱ्या दाराच्या सुरक्षित बाजूला उभं राहून वाचत आले होते.

'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी १८१८ ला लंडनमध्ये छापून आली तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. प्रती ५००, तीन खंड. पाच वर्षांनी, १८२३ मध्ये, लंडनला तिच्यावर नाटक आलं. नाटकाच्या जाहिरातीत नटांची आणि पात्रांची नावं छापलेली होती. त्या अनाम जीवाचं काम करणाऱ्या नटाच्या नावासमोर पात्राचं नाव म्हणून नुसती एक रेघ होती. मेरी ते नाटक बघायला गेली होती आणि तिला ही रेघ फार आवडली. ज्याला नाव देता येत नाही त्याला नाव द्यायची ही रीत बरी आहे, अशा अर्थाचं तिने पत्रात लिहिलं आहे.

हा लेख लिहायला बसले तेव्हा त्या रेघेपाशी मी बराच वेळ थांबले. मग आईला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण वाड्यातलं तिला सगळं आठवतं, कोणाच्या लग्नात किती पंगती उठल्या इथपर्यंत. करंड्याचं मी तिला आधी सांगितलं, पहिल्यांदाच. ती काही बोलली नाही. मग मी विचारलं, त्या मावशींचं नाव काय होतं गं?

पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला.

"अगं, मावशीच म्हणायचो ना आपण," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "थांब, आठवते हं."